कुलवृत्तान्त मोबाइलवर आला. हयात नातलगांच्या माहितीचे काय?

नवी दिल्ली : एका आडनावाची पाच-सहा पिढ्यांची वंशावळ, तीत दीड-दोनशे नावे, प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, विवाहाचे साल, माहेरचे नाव आणि व्यक्ती हयात असल्यास पत्ता व मोबाइल क्रमांक. अशी पीडीएफ फाइल आज अनेक मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांत फिरताना दिसते. ती बहुधा पुण्या-मुंबईतील एखाद्या निवृत्त काकांनी संकलित केलेली असते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथे विखुरलेल्या शाखांनी तीत भर घातलेली असते आणि परदेशी स्थायिक झालेली एखादी नात आपल्या मुलांसाठी ती इंग्रजीत उतरवून घेत असते. या खटाटोपामागील आस्था निर्विवाद आहे. मात्र कुटुंब ज्या फाइलकडे पूर्वजांची आठवण म्हणून पाहते, तीच फाइल अनोळखी माणसाच्या हाती पडली तर शे-दीडशे हयात माणसांची ओळख, वय आणि परस्परनाते सांगणारी तयार यादी ठरते.

हा धोका किती जवळचा आहे, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ई-आधारची फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. ई-पॅनची फाइल जन्मतारखेने उघडते. अनेक बँकांची मासिक विवरणपत्रेही नाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक यांच्या कोणत्या तरी मिश्रणाने उघडतात. ही सूत्रे गुप्त नाहीत. संबंधित संस्थाच ती ग्राहकांना कळवतात. फाइल चोराच्या हाती लागेपर्यंत नुसत्या सूत्राचा त्याला उपयोग नाही, हे खरे. परंतु आधारची प्रत आपण झेरॉक्सच्या दुकानापासून भाड्याच्या घराच्या दलालापर्यंत किती ठिकाणी पाठवतो, याचा हिशेब फारसे कोणी ठेवत नाही. पासवर्डासाठी लागणारे नाव आणि जन्मवर्ष मात्र वंशावळीत रकाना पाडून लिहिलेले असते.

आईचे माहेरचे आडनाव हा तर ओळख पटवण्याचा जगभर रूढ असलेला प्रश्न. मराठी समाजात हे आडनाव गुपित मानणे मुळातच विनोदी आहे, कारण ते लग्नपत्रिकेवरच छापलेले असते. तरीही सुरक्षा-प्रश्न म्हणून ते आजही काही ठिकाणी विचारले जाते. विवाहित स्त्री माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन वंशावळींत येते. दोन्ही खुल्या असल्या की उत्तर शोधण्यास मिनिटही लागत नाही. याखेरीज दूरध्वनीवरून होणारी फसवणूक आहेच. "मी कोल्हापूरच्या आत्यांचा नातू बोलतोय, रुग्णालयात आहे, पैसे पाठवा" हे वाक्य ज्याला आत्या, नातू आणि कोल्हापूर या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत त्याच्या तोंडी खरे वाटते. अशा प्रकारात पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी लागते; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कागदपत्रांची गरज आणि त्यातून होणारी देवाणघेवाण

वंशावळ हा महाराष्ट्रात केवळ हौसेचा विषय नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना ती लागते. जातवैधता प्रमाणपत्रासाठी ती शपथपत्रावर द्यावी लागते. इतर मागासवर्गाच्या अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, अनुसूचित जातीच्या अर्जदारासाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, तर विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतका जुना कागद प्रत्येकाच्या घरी नसतो. तो चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा जन्म-मृत्यूच्या गावनोंदीत सापडतो. वडिलांकडील रक्तनात्यातील एखाद्याला आधीच वैधता मिळाली असेल, तर त्याचे प्रमाणपत्र हा इतरांसाठी मोलाचा पुरावा ठरतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन व इतर कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा या शोधाला एकाएकी वेग आला. सापडलेल्या नोंदी अनेक जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर ठेवल्या. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्या भावकीत दूरध्वनी खणखणू लागले. ज्या नोंदीत पणजोबांचे नाव आहे ती शंभर वर्षांपूर्वीची नोंद खुली होण्यात कोणाचे काही बिघडत नाही. उलट अनेकांचे हित होते. परंतु त्या नोंदीपासून आजच्या अर्जदारापर्यंतची साखळी जोडण्यासाठी जे कागद समूहावर पडले, त्यांत शाळा सोडल्याचे दाखले, आधारच्या प्रती, शिधापत्रिका आणि अल्पवयीन मुलांचे जन्मदाखले होते. काम झाल्यावर ते काढून टाकण्याची आठवण फार थोड्यांना राहिली असावी.

भारतात कुटुंबाचा इतिहास घरच्याच कागदांवर अवलंबून राहण्यास आणखी एक कारण आहे. अमेरिकेत जनगणनेतील व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० सालच्या नोंदी एप्रिल २०२२ मध्ये तेथे सर्वांना पाहता आल्या. ब्रिटनमध्ये ही मुदत शंभर वर्षांची आहे. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहण्यास मिळत नाहीत. त्यामुळे वंशेतिहासाचा शोध घेणाऱ्याला काकांच्या ट्रंकेतील कागद, महसुली दप्तरे आणि तीर्थक्षेत्रांतील वह्या यांकडेच वळावे लागते.

या वह्यांची व्यवस्था आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हरिद्वारचे पंडे, त्र्यंबकेश्वरचे नामावळी राखणारे तीर्थोपाध्याय आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वंशावळी सांभाळल्या. यजमानाने गाव, कूळ, आडनाव सांगितल्यावर उपाध्याय त्याच कुळाचे पान उघडतात. यजमान आजोबांची सही पाहतो, नव्या जन्ममृत्यूंची भर घालतो, स्वतः सही करतो आणि पान मिटते. शेजारच्या कुळाचे पान चाळण्याचा प्रघात नाही. कोणाला काय दिसावे आणि कोणी काय लिहावे, याचे नियम तेथे संगणकाच्या पुष्कळ आधी रूढ झाले होते. हरिद्वार आणि अन्य काही तीर्थक्षेत्रांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने केले आणि त्यांपैकी पुष्कळ सामग्री आता फॅमिलीसर्च या संस्थेकडे आहे.

छापील कुलवृत्तान्तालाही अशीच एक नैसर्गिक मर्यादा होती. काही शे प्रती निघत, त्या कुळातील घराघरांत जात, एखादी ग्रंथालयात पोहोचे. त्यात घरोघरचे पत्ते छापले तरी ते पुस्तकाच्या कपाटाबाहेर सहसा पडत नसत. तेच पुस्तक स्कॅन होऊन कोणत्याही शोधयंत्राला सापडू लागले की ती मर्यादा नाहीशी होते.

एका चुलत भावाचा पासवर्ड

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ट्वेंटीथ्री-अँड-मी या जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती बाहेर आली. हल्लेखोरांनी कंपनीची यंत्रणा फोडली नव्हती. इतर संकेतस्थळांवरून पूर्वी फुटलेले पासवर्ड त्यांनी येथे वापरून पाहिले आणि सुमारे १४ हजार खाती उघडली. मात्र या सेवेत आपले जनुकीय नातलग पाहण्याची सोय होती. त्या वाटेने चोरांच्या हाती सुमारे ६९ लाख लोकांची माहिती लागली. म्हणजे ज्यांनी स्वतःचा पासवर्ड कधीच कोठे पुन्हा वापरला नव्हता, त्यांची माहितीदेखील दूरच्या कोणा नातलगाच्या निष्काळजीपणामुळे गेली. कंपनीने त्यानंतर सर्वांना द्विस्तरीय पडताळणी अनिवार्य केली. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आपली माहिती विकली जाणार काय, या भीतीने ग्राहक ती काढून टाकण्यासाठी धावले; कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनेही नागरिकांना त्या अधिकाराची आठवण करून दिली होती.

वंशवृक्षाची सेवा देणाऱ्या मायहेरिटेज या कंपनीच्या ९ कोटी २० लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातील पासवर्ड बाहेर गेल्याचे जून २०१८ मध्ये उघड झाले होते. वंशवृक्ष व जनुकीय माहिती वेगळ्या यंत्रणेत असल्याने ती सुरक्षित राहिल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले.

या दोन घटनांतला पहिला प्रसंग कौटुंबिक संग्रहाला तंतोतंत लागू पडतो. चाळीस नातलगांना एखादा संग्रह खुला केला, तर तो त्या चाळिसांतील सर्वांत बेफिकीर माणसाच्या खात्याइतकाच सुरक्षित असतो. म्हणून कोणती सेवा वापरावी, या प्रश्नापेक्षा त्या सेवेत काय ठेवावे, हा प्रश्न आधीचा.

काय ठेवावे, काय झाकावे

वंशशास्त्रात जगभर रूढ असलेला दंडक सोपा आहे : दिवंगतांची माहिती वाटावी, हयातांची झाकावी. मृत्यूची नोंद नसेल, तर जन्मापासून साधारण ११० वर्षे व्यक्ती हयात आहे असेच बहुतेक प्रणाली धरून चालतात. फॅमिलीसर्चच्या सामाईक वृक्षात हयात व्यक्तीची नोंद ती करणाऱ्यालाच दिसते. नातलगांसह पाहायची असल्यास कुटुंबगटाची वेगळी सोय आहे. अ‍ॅन्सेस्ट्रीवर वृक्ष खासगी ठेवता येतो आणि शोधातूनही वगळता येतो. जेनी ही सेवा मुळात सर्वांचा मिळून एकच वृक्ष उभारण्याच्या कल्पनेवर बेतलेली आहे, त्यामुळे तेथे नोंद करण्यापूर्वी हे स्वरूप समजून घ्यावे. आणि यांपैकी कोणत्याही ठिकाणी 'खासगी' याचा अर्थ इतर वापरकर्त्यांपासून झाकलेले, एवढाच असतो. कंपनीपासून झाकलेले, असा नव्हे.

ज्यांना कंपनीच नको, त्यांच्यासाठी ग्रॅम्प्स हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालते. त्यात देवनागरीत नावे लिहिता येतात. वंशावळीची फाइल जेडकॉम या स्वरूपात बाहेर काढताना हयात व्यक्ती वगळण्याचा किंवा त्यांचे केवळ आडनाव ठेवण्याचा पर्याय त्यात आहे. जेडकॉम हे १९८४ पासून चालत आलेले देवाणघेवाणीचे स्वरूप बहुतेक सर्व वंशवृक्ष-प्रणालींना वाचता येते. त्यामुळे आज निवडलेली सेवा उद्या बंद पडली तरी काम वाया जात नाही. त्या स्वरूपात प्रत काढता येत नसेल अशा सेवेच्या नादी न लागणे बरे.

व्यवहारात बहुतेक कुटुंबे यांपैकी काहीही न वापरता गूगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप यांवरच काम भागवतात, आणि थोडी शिस्त पाळली तर त्यात गैर काही नाही. संग्रहाच्या दोन प्रती कराव्यात. एक पूर्ण, जी दोन-तीन संकलकांपाशीच राहील. दुसरी वाटण्याजोगी, जीत हयातांची फक्त नावे आणि नाती असतील. लहान मुलांच्या बाबतीत 'एक मुलगा, एक मुलगी' एवढा उल्लेख पुरे. ड्राइव्हवरील फोल्डर 'लिंक असलेल्या कोणालाही' खुले करण्याची सवय सर्वांत घातक आहे. अशी लिंक एका समूहातून दुसऱ्यात गेली की मालकाला पत्ताही लागत नाही. प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालून प्रवेश द्यावा, बहुतेकांना केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा, दुरुस्तीचा मोजक्यांनाच. यात कष्ट आहेत. ज्येष्ठांना ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, ही घरोघरची रड आहे. त्यांच्यासाठी छापील प्रत काढून देणे हे लिंक खुली करण्यापेक्षा केव्हाही चांगले.

व्हॉट्सॲपवरील संदेश दोन टोकांमध्ये सांकेतिक रूपात जातात, हे बरोबर. पण आलेली फाइल चाळीस फोनांच्या गॅलरीत उतरते आणि तेथून पुढे कोठेही जाऊ शकते. गप्पांची मेघावरील प्रतही आपोआप तितकीच सुरक्षित नसते. ती सांकेतिक ठेवण्याची सोय २०२१ पासून आहे, परंतु ती वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी लागते. म्हणून समूहाचा उपयोग विचारपूस आणि आठवणींसाठी करावा, कागदांसाठी नव्हे. कागद पाठवणे भागच असेल, तर आधारची शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत पाठवावी. पीडीएफला पासवर्ड घालून तो दुसऱ्या मार्गाने, शक्यतो बोलून, सांगावा. तो पासवर्ड पुन्हा आजोबांची जन्मतारीख असू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते. पीडीएफमधील मजकुरावर काळी पट्टी ओढली म्हणजे तो पुसला गेला, असाही एक समज आहे. पुष्कळदा पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो आणि निवडून दुसरीकडे उतरवता येतो. झाकलेल्या पानाचे चित्र काढून तेच पाठवावे.

कायदा कोठपर्यंत येतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतांश बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. वंशवृक्षाची सेवा देणाऱ्या कंपन्यांना हा कायदा लागू होईल. घरातल्या संकलकाला मात्र तो बहुधा लागू होत नाही, कारण व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती प्रयोजनासाठी केलेली माहितीची हाताळणी कलम ३ ने वगळली आहे. म्हणजे काकांनी आपली जन्मतारीख न विचारता घातली, तर त्यांच्याविरुद्ध या कायद्याखाली दाद मागण्यास फारसा वाव नाही.

तीच वंशावळ काकांनी खुल्या संकेतस्थळावर ठेवली तर ती घरगुती राहते काय? युरोपात या प्रश्नाचे उत्तर २००३ मध्येच मिळाले. स्वीडनमधील चर्चच्या एका स्वयंसेविकेने आपल्या सहकाऱ्यांची माहिती घरच्या संगणकावरून आंतरजालावर टाकली होती. एकीचा पाय दुखावला असल्याचाही त्यात उल्लेख होता. हेतू निरुपद्रवी होता. तरीही, अगणित लोकांना उपलब्ध झालेली माहिती घरगुती म्हणता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने ठरवले. भारतीय न्यायालये हाच मार्ग धरतील असे गृहीत धरता येत नाही. मात्र खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१७ चा निर्णय पाठीशी आहे.

कायद्याच्या आधी येते ती विचारपूस. आणि कुटुंबे तुटतात ती बहुधा तेथेच, चोरामुळे नव्हे. घटस्फोट, दुसरा विवाह, दत्तकविधान, घरच्यांनी न स्वीकारलेला आंतरजातीय विवाह, आत्महत्या, मानसिक आजार : हे सारे कुलेतिहासाचाच भाग आहे आणि ते पुसून टाकणारी वंशावळ खोटी ठरते. परंतु दत्तक आलेल्या मुलीला आपले दत्तकपण समूहावर आलेल्या तक्त्यातून कळणे, हे अघोरी आहे. ते कोणाला, केव्हा सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार तिचा आणि तिच्या आईवडिलांचा, संकलकाचा नाही. दिवंगतांची माहितीही सरसकट मोकळी नसते. आजोबांचा आनुवंशिक आजार लिहिला की तो नातीच्या विवाहाच्या बोलणीत निघतो. संकलकाने अशा बाबी पूर्ण प्रतीत, स्रोतासह, नोंदवाव्यात आणि वाटण्याच्या प्रतीत संबंधित शाखेच्या संमतीनेच घ्याव्यात. संमती तोंडी असली तरी चालते. कोणी, केव्हा दिली याची एक ओळ लिहून ठेवावी. 'माझे नाव काढा' असे कोणी म्हटले, तर कारण न विचारता ते काढावे आणि त्या जागी 'हयात' एवढाच शब्द ठेवावा. वृक्षाची फांदी त्याने तुटत नाही.

खाते ज्याच्या नावावर, तो गेल्यावर

संग्रह चोरीला जाण्यापेक्षा हरवण्याचीच शक्यता अधिक असते. संकलक बहुधा सत्तरीचे असतात, सारे काही त्यांच्या एका खात्यात असते आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत, किंवा केवळ त्यांच्या मनात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील छायाचित्रांसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. याच कंपनीच्या निष्क्रिय खात्याच्या सोयीत, खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर कोणाला कळवावे आणि कोणता भाग द्यावा, हे आधी ठरवता येते. अशा दहा जणांपर्यंत नावे देता येतात. ॲपलच्या फोनवर डिसेंबर २०२१ पासून वारस-संपर्क नेमता येतो. भारतीय कायद्याच्या कलम १४ नेही मृत्यू किंवा असमर्थतेच्या प्रसंगी आपले माहितीविषयक अधिकार वापरण्यासाठी नामनिर्देशनाची तरतूद केली आहे.

बँकेच्या खात्याला वारस लावण्याची सवय आपल्याला आहे. या खात्याला लावण्याची नाही. काका-आजोबा पुढच्या भेटीला आले की त्यांच्याच फोनवर, त्यांच्यासमोर बसून, दहा-पंधरा मिनिटांत हे काम होते. त्याच बैठकीत द्विस्तरीय पडताळणी सुरू करून घ्यावी, पूर्ण प्रत एका बाह्य डिस्कवर उतरवून दुसऱ्या गावच्या शाखेकडे द्यावी, आणि जुन्या छायाचित्रांच्या मागे कोण कोणत्या बाजूला उभे आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.